ठेच लागण्यापूर्वीचे शहाणपण

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपल्या व्यवहारनीतीचा पायाच आहे असे म्हणावयास हरकत नाही. विहिरीचा कठडा ढासळून एखादा बुडाला म्हणजे गावातील बाकीच्या विहिरींचे कठडे तपासले जातात. दूषित पाण्याने पटकी पसरली म्हणजे पाणी उकळून पिण्याची शिस्त घरोघर लागते. मनुष्यजातीने सुरक्षिततेचे जे ज्ञान मिळविले त्याचा फार मोठा भाग असा कोणाच्या तरी ठेचेची किंमत देऊनच मिळविलेला आहे. परंतु ह्या म्हणीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पुढच्यास लागलेली ठेच समाजाला सोसण्याजोगी असावी, ही एक. आणि मागच्याची वाट तीच असावी, ही दुसरी. मनुष्य विहिरी खणीत होता व बैलगाड्या हाकीत होता तोपर्यंत ही दोन्ही गृहीते बहुधा खरी ठरत. आज आपण ज्या धरणांच्या पायथ्याशी राहतो, ज्या विमानांत बसतो आणि ज्या अणुभट्ट्यांची वीज दिव्यांत जाळतो, त्यांच्या बाबतीत मात्र पहिली ठेच लागेपर्यंत थांबणे परवडत नाही. तेव्हा ठेच लागण्यापूर्वीच शहाणे होता येते काय, आणि येत असल्यास ते शहाणपण कोणत्या जातीचे असते, ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

ह्या प्रश्नाभोवती दोन विद्या गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत वाढीस लागल्या आहेत. एक जोखीमशास्त्र, पुढे काय वाईट घडू शकेल, त्याचा संभव किती आणि त्याचे परिणाम काय, ह्याचा अंदाज कसा करावा हे ते सांगते. दुसरी, मोठमोठ्या व्यवस्थांच्या सुरक्षिततेची विद्या. ती व्यवस्था कशी रचावी आणि कशी चालवावी हे सांगते. पहिलीने मोजावे व दुसरीने राखावे, इतके सरळ नाते ह्या दोघींत असेल असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु सुरक्षिततेच्या विद्येत आज निरनिराळे पंथ आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांस जोखमीचे मोजमापच मान्य नाही. आमच्या मते ह्या वादाचे मूळ 'जोखीम' ह्या शब्दाच्या संकुचित अर्थात आहे. तो अर्थ नीट केला म्हणजे पंथांचा विरोध पुष्कळ अंशी मावळतो, आणि मागे उरतो तो एक नीतीचा प्रश्न.

प्रथम आपल्याच प्रांतातील एक उदाहरण घेऊ. खडकवासल्याचे दगडी धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुठा नदीवर बांधले गेले, आणि सुमारे ऐंशी पावसाळे त्याने निमूटपणे सोसले. १९६१ सालच्या आरंभी कोणी विचारले असते की, हे धरण यंदा फुटण्याचा संभव किती, तर ह्या ऐंशी वर्षांकडे बोट दाखवून कोणीही समंजस मनुष्य 'नगण्य' असेच उत्तर देता. पण त्या वर्षी वरच्या अंगास आंबी नदीवर पानशेतचे नवे मातीचे धरण उभे राहत होते. त्याचे काम पुरे होण्यापूर्वीच त्यात पावसाळ्याचे पाणी साठले. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर नेणाऱ्या मोरीचे काम अपुरे होते. तिला इजा पोहोचली आणि तिच्यावरील भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो सावरून धरण्याचा यत्न केला. १२ जुलै रोजी सकाळी पानशेत फुटले. त्याचे पाणी खडकवासल्यावर येऊन आदळले. ते धरणही त्याच दिवशी फुटले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

खडकवासल्याच्या दगडाचुन्यात त्या दिवशी कोणता नवा दोष उत्पन्न झाला होता? कोणताही नाही. ऐंशी वर्षांची साक्ष खोटी नव्हती, परंतु ती एका न बोललेल्या अटीवर अवलंबून होती. वरून येणारे पाणी मुठेच्या नेहमीच्या पुराच्या मर्यादेत राहील, ही ती अट. आपल्या नैयायिकांनी अनुमानातील ह्या दोषास 'उपाधि' असे नाव दिले आहे. 'जेथे अग्नी तेथे धूर' असे म्हणणाऱ्यास ते ओल्या इंधनाची आठवण करून देतात. इंधन ओले असेल तरच धूर निघतो, आणि ही अट अनुमान करणाऱ्याने बोलून दाखविलेली नसते. नवे धरण वर उभे राहिले त्याच दिवशी जुन्या धरणाची अट बदलली होती. धरण तेच होते, पण ते ज्या व्यवस्थेचा भाग होते ती व्यवस्था निराळी झाली होती. तात्पर्य, सुरक्षितता हा एकट्या वस्तूचा गुण नाही. ती वस्तू कोणाच्या खाली, कोणाच्या शेजारी आणि कोणाच्या ताब्यात आहे ह्यावर तो गुण ठरतो.

आता पंथांकडे वळू. पहिला पंथ मोजणाऱ्यांचा. यंत्राचा एकेक भाग घ्यावा, तो किती वेळा निकामी होतो हे पाहावे, एक भाग निकामी झाल्यास पुढे काय काय होईल ह्याच्या शाखा वृक्षासारख्या मांडाव्या, आणि त्या त्या शाखेचा संभव गणिताने काढावा, अशी ह्याची रीत. अमेरिकेतील प्राध्यापक नॉर्मन रासमुसेन ह्यांच्या नेतृत्वाखाली अणुवीजकेंद्रांचा असा प्रचंड हिशेब १९७५ साली प्रसिद्ध झाला. त्याने एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. मोठी नळी एकाएकी फुटण्याचे भय तोपर्यंत सर्वांस वाटत असे. परंतु लहानसहान गळती आणि माणसांच्या चुका ह्यांपासूनचा धोका अधिक आहे असे ह्या हिशेबातून निघाले. १९७८ साली परीक्षण समितीने मात्र असा अभिप्राय दिला की, रीत चांगली असली तरी आकड्यांतील अनिश्चितता जितकी आहे तितकी सांगितलेली नाही.

पुढच्याच वर्षी, २८ मार्च १९७९ रोजी, पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड केंद्रात दोन्ही मतांची सत्यता दिसून आली. पहाटे पाणीपुरवठा करणारे पंप थांबले. दाब कमी करण्यासाठी एक झडप उघडली, ती पुन्हा मिटली नाही, आणि तिच्यावाटे भट्टीचे पाणी निघून जाऊ लागले. नियंत्रणकक्षातील दिवा मात्र झडप मिटल्याचे दाखवीत होता. कारण झडप मिटली की नाही हे त्या दिव्यास कळतच नसे, झडपेस मिटण्याची आज्ञा गेली एवढेच त्यास कळे. भट्टीत पाणी जास्त झाले असे समजून चालकांनी आपोआप येणारे पाणी स्वतःच्या हाताने कमी केले, आणि अंतर्भागाचा सुमारे अर्धा भाग वितळला. येथे आमच्या म्हणीची कसोटी पाहण्यासारखी आहे. १९७७ साली ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्रात अशीच झडप अशीच उघडी राहिली होती, आणि तेथील चालकांनीही आरंभी हीच चूक केली होती. तेथे ती वेळीच ध्यानात आली. पुढच्यास ठेच लागलेली होती. पण ती बातमी मागच्यापर्यंत पोहोचली नाही.

ह्या अपघातातून दुसरा पंथ निघाला. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो ह्यांनी १९८४ साली असे प्रतिपादन केले की, काही व्यवस्थांत अपघात हा अपवाद नसून त्यांच्या रचनेतूनच निपजणारी सामान्य गोष्ट आहे. ज्या व्यवस्थेचे भाग परस्परांशी अनपेक्षित रीतीने गुंतलेले असतात आणि एकाचा धक्का दुसऱ्यास पोहोचण्यास मध्ये उसंत नसते, तेथे लहान लहान बिघाडांचे कोणते जाळे विणले जाईल हे आधी सांगता येत नाही. अधिक झडपा आणि अधिक दिवे बसविल्याने गुंतागुंत वाढतेच. ह्यावर पेरो ह्यांचा उपाय कठोर आहे: अशा काही व्यवस्था चालवूच नयेत.

तिसऱ्या पंथाने ह्याला व्यवहारातील दाखल्यांनी उत्तर दिले. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी विमानवाहू युद्धनौका, हवाई वाहतुकीचे नियंत्रण, वीजकेंद्रे अशा व्यवस्था जवळून पाहिल्या. पेरो ह्यांच्या लक्षणांप्रमाणे जेथे नेहमी अपघात व्हावयास हवेत, तेथे ते फार क्वचित होताना दिसले. ह्याचे कारण तेथील माणसांच्या सवयींत होते. अशा एका युद्धनौकेवर एका खलाशाच्या हातून एक हत्यार डेकवर हरवले. ते विमानाच्या इंजिनात ओढले गेले असते तर अनर्थ होता. त्याने आपली चूक आपण होऊन सांगितली. आकाशातील विमाने दुसरीकडे वळविण्यात आली. आणि दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष त्याचा गौरव झाला. ज्या संस्थेत वाईट बातमी आणणाऱ्याचा सत्कार होतो, ती संस्था ठेच लागण्यापूर्वीच दगड पाहू शकते.

चौथा पंथ नॅन्सी लेव्हसन ह्या विदुषींचा. त्यांच्या मते भाग निकामी झाल्याने अपघात होतो ही कल्पनाच अपुरी आहे. १९९९ सालच्या डिसेंबरात मंगळावर उतरू पाहणारे एक अमेरिकन यान नष्ट झाले. त्याचे सर्वांत संभवनीय कारण असे सांगितले जाते की, उतरण्याचे पाय उघडताना बसलेला हिसका यानाच्या गणकाने जमिनीचा स्पर्श समजून घेतला आणि सुमारे ४० मीटर उंचीवरच इंजिने बंद केली. पायांनी आपले काम केले, गणकाने आपले केले, आणि यान गेले. मोडले काहीच नव्हते. म्हणून भागांची मोजदाद करण्यापेक्षा कोणावर कोणाचे नियंत्रण आहे, आणि नियंत्रकास खरी स्थिती कळते की नाही, हे पाहावे असे हा पंथ सांगतो. ह्याच्या जवळच एरिक होल्नागेल ह्यांचे मत येते. बहुतेक दिवशी बहुतेक कामे नीट पार पडतात ती माणसे प्रसंग पाहून आपले वागणे जुळवून घेतात म्हणून. तेव्हा सुरक्षिततेचा अभ्यास बिघाडांपुरता न ठेवता ह्या नित्याच्या यशाचाही करावा, असे ते म्हणतात. पानशेतच्या बांधावर रात्रभर पोती रचणारे जवान धरणाच्या कोणत्याही आराखड्यात दाखविलेले नव्हते, हे येथे आठवावे.

हे सर्व पंथ मोजणाऱ्यांवर तुटून पडतात, आणि मोजणारे त्यांस उलट विचारतात की, आकड्यावाचून दोन उपायांत निवड तरी कशी करणार? आमच्या समजुतीप्रमाणे दोघांच्याही मनात जोखमीची एकच जुनी व्याख्या आहे: संभव आणि हानी ह्यांचा गुणाकार. ह्या व्याख्येत जोखीम ही वजनासारखी किंवा उंचीसारखी वस्तूच्या अंगची मानली जाते. ती बाहेर आहे, आणि शास्त्रज्ञाने ती केवळ तागडीत घालावयाची. अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट ह्यांनी १९२१ सालीच मोजता येणारी जोखीम आणि न मोजता येणारी अनिश्चितता ह्यांत भेद करून ह्या समजुतीस तडा दिला होता. अलीकडे नॉर्वेतील स्टाव्हांगर येथील प्राध्यापक तेर्ये आव्हेन आणि त्यांच्या विचाराचे इतर शास्त्रज्ञ पुढे जाऊन म्हणतात की, जोखीम म्हणजे पुढे होणारे परिणाम आणि त्यांविषयीची अनिश्चितता. संभवाचा आकडा ही त्या अनिश्चिततेचे वर्णन करण्याची एक रीत आहे, आणि तो आकडा ज्या ज्ञानाच्या आधारावर उभा आहे त्या ज्ञानाचे बळ सांगितल्यावाचून वर्णन पुरे होत नाही.

हा फरक केवळ शाब्दिक वाटेल. तो तसा नाही. नाणे उडवून काटा येण्याचा संभव दोनांत एक, असे आम्ही म्हणतो. ज्याच्याविषयी आम्हांस काहीच माहिती नाही अशा खटल्याचा निकाल वादीसारखा लागण्याचा संभवही आम्ही दोनांत एक असाच सांगू. आकडा एकच आहे, पण पहिल्याच्या मागे ज्ञान आहे व दुसऱ्याच्या मागे अज्ञान. जुनी व्याख्या ह्या दोहोंस एकाच मापाने मोजते. नवी व्याख्या विचारते, आकड्याखाली जमीन आहे की दलदल? हा प्रश्न मान्य केला म्हणजे निरनिराळे पंथ हे निरनिराळ्या अज्ञानांवरचे इलाज आहेत हे दिसू लागते. भाग परिचित असून अनुभव पुष्कळ असेल तेथे मोजावे. भाग परिचित पण त्यांचे परस्परसंबंध नवे असतील तेथे लेव्हसन ह्यांच्याप्रमाणे नियंत्रणाचे धागे तपासावे. काय चुकेल हे आधी सांगता येत नाही, पण चुकू लागल्याची चिन्हे दिसतील, तेथे युद्धनौकेवरील माणसांसारखी जागी माणसे हवीत. आणि जेथे चिन्ह दिसण्याइतकीही उसंत नाही व हानी भरून येण्यासारखी नाही, तेथे पेरो ह्यांचा कठोर सल्ला निदान ऐकून घेतला पाहिजे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. ज्ञान अपुरे आहे म्हणून हात आखडता घ्यावयाचा, तर कोणतेच मोठे काम होणार नाही, असे कोणी म्हणेल. हे खरे आहे. धरण न बांधणे हीही एक जोखीम आहे. ती ज्यांच्या शेतात पाणी पोहोचत नाही त्यांच्या माथी बसते. आगगाडी, लस, वीज ह्यांपैकी प्रत्येकीच्या आरंभी ज्ञान अपुरेच होते. म्हणून अनिश्चितता दिसताच माघार घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. अपुऱ्या ज्ञानाने धाडस करणे क्षम्य आहे, कित्येकदा कर्तव्यही आहे. पण अपुरे ज्ञान पुरे असल्याचे भासवून दुसऱ्यास त्या धाडसात ओढणे क्षम्य नाही. गणित संपून नीती सुरू होते ती ह्या ठिकाणी.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले, आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. त्यांत एक शाळेतील शिक्षिका होती. चौकशी मंडळातील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन ह्यांस असे आढळले की, यान गमावण्याचा संभव प्रत्यक्ष काम करणारे अभियंते शंभरांत एक इतका सांगत, तर वरिष्ठ व्यवस्थापक एक लाखांत एक सांगत. लाखांत एक म्हणजे रोज एक उड्डाण केले तरी सुमारे तीनशे वर्षांत एकच यान जावयाचे! पुढे २०११ साली ही याने निवृत्त झाली तेव्हा एकंदर १३५ उड्डाणांत दोन याने गेली होती. अभियंत्यांचा अंदाज किती जवळचा होता हे वाचकांनीच पाहावे.

उड्डाणाच्या आदल्या रात्री थंडीमुळे अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कड्या नीट बसणार नाहीत, म्हणून उड्डाण करू नये, असे ते अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी कळवळून सांगितले होते. थंडीचा आणि इजेचा संबंध पाहताना पुढे मांडली गेली ती केवळ इजा झालेल्या उड्डाणांची माहिती, आणि तीवरून संबंध स्पष्ट दिसेना. इजा न झालेली उड्डाणेही हिशेबात घेताच चित्र पालटते, हे चौकशी मंडळाने नंतर दाखविले: सुमारे १७ अंश सेल्सिअस किंवा त्याखालील चारही उड्डाणांत इजा झालेली होती; १९ अंश व त्यावरील वीस उड्डाणांत ती केवळ तीनदा. नीट पार पडलेल्या उड्डाणांतही ज्ञान दडलेले होते ते असे. शिवाय त्या रात्री पुराव्याचा भार उलटला. उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावयाचे सोडून, ते घातक आहे हे सिद्ध करा, असा आग्रह अभियंत्यांस झाला. आणि त्यांचा विरोध अखेरचा निर्णय देणाऱ्या वरिष्ठांच्या कानी गेलाच नाही. 'आम्हांस नक्की ठाऊक नाही' ह्या प्रामाणिक वाक्याचे भाषांतर वाटेत 'धोका सिद्ध नाही' असे होऊन गेले.

आमच्या मते आधुनिक काळातील एक मोठे पाप ह्या भाषांतरात आहे. ते करणारा मनुष्य दुष्ट असतोच असे नाही. तो घाईत असतो, वेळापत्रकाशी बांधलेला असतो, आणि मागची चोवीस उड्डाणे निभावली ही साक्ष त्याच्या बाजूस असते. खडकवासल्याच्या ऐंशी पावसाळ्यांसारखीच ती साक्ष खरी असते, आणि तिच्यासारखीच एका न बोललेल्या अटीवर टेकलेली असते. पण ह्या चुकीचे फळ भोगतो तो बहुधा दुसराच कोणीतरी. नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्या कुटुंबांना मोरीच्या अपुऱ्या कामाची माहिती असण्याचे कारण नव्हते. यानात बसलेल्या शिक्षिकेस रबराच्या गुणधर्मांचा निर्णय करावयाचा नव्हता. त्यांनी इतरांच्या ज्ञानावर विश्वास टाकला होता. ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर, ज्याला ठाऊक नाही आणि तरी सोसावयाचे आहे त्याचे ऋण असते. आणि आपल्या ज्ञानाची हद्द उघड सांगणे हा त्या ऋणाचा पहिला हप्ता आहे.

हे ऋण वसूल करण्याचा अधिकार आपणा सामान्य माणसांसही आहे, आणि त्यासाठी गणितात पारंगत व्हावे लागत नाही. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टर सांगतात, धोका शंभरांत एक आहे. अशा वेळी नम्रपणे एवढेच विचारावे: कोणत्या शंभरांत? आमच्या वडिलांच्या वयाच्या, त्यांच्यासारखा मधुमेह असणाऱ्या, ह्याच रुग्णालयात आलेल्या शंभरांत, की दुसऱ्या देशातील निरोगी तरुणांच्या शंभरांत? चांगला डॉक्टर ह्या प्रश्नाने रागावत नाही; त्याला ठाऊक असेल तेवढे तो सांगतो, नसेल तेथे तसे म्हणतो, आणि काही बिघडू लागल्यास काय करण्याची तयारी आहे तेही सांगतो. धरण बांधणाऱ्यास, पूल उभारणाऱ्यास, कारखाना चालविणाऱ्यास हेच विचारावे. हा आकडा कोणत्या अटींवर खरा आहे, त्या अटी बदलल्या तर तुम्हांस कळेल कसे, आणि ज्या कामगारास ते प्रथम कळेल त्याचे तोंड तुम्ही बंद तर केलेले नाही ना? ज्या समाजात हे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानले जात नाही आणि 'ठाऊक नाही' असे उत्तर देणाऱ्याची नोकरी जात नाही, त्या समाजालाही ठेचा लागतीलच. परंतु त्याच्या ठेचा सोसण्याजोग्या राहतील, आणि त्यांची बातमी मागून येणाऱ्यांपर्यंत वेळेवर पोहोचेल.